टिल्डाचा पाय

मित्रांनो, नावाने मी फळा, पण आजवर कुणी माझ्यावर खडूने एक अक्षरही लिहिलेलं नाही. मी कापडी फळा आहे. प्लायवूडच्या फळीवर ताणून बसवलेलं निळं फ्लॅनेल आणि भोवती लाकडी चौकट, एवढाच माझा जीव. कापडाची चित्रं कापून माझ्या अंगावर नुसती टेकवायची, की माझी लव त्यांना धरून ठेवते. टाचणी नको, खळ नको. आमच्या काळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात प्रत्येक चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्यासारखा एक तरी फळा असायचाच. आता मी जुना झालोय, चौकटीचा एक कोपरा निसटलाय, लव विरळ झालीय. पण मी सांगायला बसलोय ती म्हातारपणाची रड नाही. माझा विश्वासघात झाला आहे, आणि तो कुणा परक्याने केलेला नाही.

मला घडवलं फेना वीर्स्माने. सारं गाव तिला टांटे फेना म्हणायचं. टांटे म्हणजे आमच्या डच बोलीत मावशी, मग ती सख्खी असो नाहीतर गावची. आठवडाभर ती बेकरीत बदामाचं सारण भरून बांकेट नावाची मिठाई वळायची आणि रविवारी मुलांचा वर्ग घ्यायची. माझी फळी तिच्या वडिलांच्या डुक्करवाड्याच्या दुरुस्तीतून उरलेली आणि माझं फ्लॅनेल त्यांच्याच हिवाळी चादरीचं. तेव्हा माझं कूळ काही फार थोर नाही. पण टांटेने मला इतक्या मायेने ताणलं, की सुरकुती औषधालाही उरली नाही.

पुढे टांटे मुलांच्या पुस्तकांची मोठी लेखिका झाली. तिची पुस्तकं पार कॅनडापर्यंतच्या चर्चमध्ये वाचली जायची. लोकांना वाटायचं, ही बाई खिडकीशी बसून देवाकडे बघते आणि गोष्टी सुचतात. कसलं काय! एकही गोष्ट तिने आधी कागदावर लिहिली नाही. आधी ती माझ्यावर मांडायची. रविवारी चित्रं लावत बोलायची, आणि तिची नजर मात्र मुलांच्या पायांवर. पाय हलायला लागले, की तो भाग घरी जाऊन कापून टाकायची. एकदा तर तिने एका अख्ख्या देवदूताला रजा दिली होती, कारण तो आला की मुलं जांभया द्यायची.

तिच्या सगळ्या पुस्तकांत मुलांनी डोक्यावर घेतलं ते टिल्डाचं पुस्तक. ते कसं जन्मलं हे पाहणारे आता थोडेच उरलेत. मी त्यांतला एक.

पोलिओच्या साथीनंतरचं ते वर्ष होतं. कूपमनांची बर्डीन, आठ वर्षांची, जगली वाचली. पण उजव्या पायाला लोखंडी पट्ट्या आणि काखेत कुबड्या आल्या. आमचा वर्ग तळघरात आणि जिना उभाच्या उभा. तिचे वडील तिला उचलून खाली आणायचे. मुलं बिचारी चांगली होती. डॉमिनींनी, म्हणजे आमच्या पाळकांनी, सांगितलं म्हणून सगळी रोज रात्री बर्डीनच्या पायासाठी प्रार्थना करायची. आणि रविवारी ती आली रे आली, की झाला का बरा म्हणून सगळी टकामका तिच्या पायाकडे बघायची.

एका रविवारी बर्डीन जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून राहिली.

"मी खाली येत नाही, बाबा. सगळी माझा पाय तपासतात."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी बघतात ती."

"मग तुम्हीच बसा खाली. तुमचा पाय बघू देत त्यांना."

टांटेने ते खालून ऐकलं. पुढच्या रविवारी तिने मला काखोटीला मारलं आणि जिना चढायला लागली.

"चला रे पोरांनो, उठा. वर."

"वर कुठे, टांटे?"

"जिथे बर्डीन आहे तिथे. तिला उतरता येत नाही. तुम्हाला चढता येतं ना? का पाय फक्त हलवायलाच दिलेत देवाने?"

वर कोट टांगायची खोली होती. ओल्या कोटांच्या आणि बुटांच्या गर्दीत तिने मला खुंटीवर अडकवलं. डीकन हार्म, चर्चची शिस्त ज्यांच्या खांद्यावर, ते तणतणत आले.

"फेना, वर्ग खाली असतो. आज हा वर आणलास, उद्या गाईगुरं आणशील!"

"गाय आली तर तिलाही बसवीन, हार्म. निदान ती प्रवचनात घोरायची नाही."

मुलं खो खो हसली, बर्डीन सगळ्यांत मोठ्याने. हार्मना आपल्या घोरण्याची कीर्ती ठाऊक होती, ते गुमान गेले. टांटे शिकवत होती तोवर तो वर्ग पुन्हा खाली गेला नाही.

त्याच कोटांच्या खोलीत टिल्डाची गोष्ट माझ्यावर उभी राहिली. टांटेने कापडातून टिल्डा नावाची मुलगी कापली, तिच्या पायाच्या पट्ट्या काळ्या दोऱ्याने शिवल्या. मग वर्ग सुटल्यावर बर्डीनला थांबवून तिने विचारलं, "टिल्डा प्रार्थना करते, पुष्कळ करते. शेवटी तिचा पाय बरा करू का? तू म्हणशील तसं."

बर्डीनने गालातली पेपरमिंटची गोळी इकडून तिकडे सरकवली. "केलात तर ती मी नसेन."

"मग नाही करत."

आणि टांटेने तो केला नाही. पुस्तकात टिल्डाचा पाय शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि वर्गातली मुलं आपली बाकं, आपली पुस्तकं, आपला फळा घेऊन तिच्यापर्यंत चढून येतात. काही चर्चवाल्यांनी नाकं मुरडली. देवाने ऐकलं नाही असं मुलांना सांगायचं म्हणजे काय! टांटे म्हणायची, "ऐकलं की. मुलांना जिन्यावर चढवलं ते काय मी?" पुस्तक घराघरांत गेलं. माझी तर चैन होती. लांबून माणसं यायची आणि टांटे ज्यावर गोष्टी मांडते तो फळा हाच का म्हणून माझ्या चौकटीवरून हात फिरवायची. मी फुशारून जायचो.

मित्रांनो, भरभराट कुणाला कायमची पुरलीय? चर्चमध्ये पडदा आला, टीव्ही आला, हलती चित्रं आली. मुलांना चिकटवलेल्या मेंढ्यांचं कौतुक राहिलं नाही. टिल्डाचं पुस्तक दुकानांतून दिसेनासं झालं. टांटे थकली, वृद्धांच्या घरात राहायला गेली, आणि मला बरोबर घेऊन गेली. तिच्या पलंगासमोर मी भिंतीला टेकून असायचो.

रोज तिला भेटायला यायची मार्लिस. ही टांटेच्या बहिणीची लेक. आई लवकर गेली, तेव्हा टांटेनेच तिला वाढवली. मार्लिसची पहिली मेंढी माझ्यावर उलटी लागली होती, चारी पाय आभाळात. मला ही पोर फार प्रिय. म्हणून तर जे झालं ते मला गिळवत नाही.

एकदा टांटे तिला म्हणाली, "माझ्यामागे पुस्तकं तुझी. काय हवं ते बदल. ते जुनाट झगे काढ, माझा तो भोपळ्यासारखा फोटो काढ. टिल्डाच्या पायाला मात्र हात लावायचा नाही."

"नाही लावणार, टांटे."

"शब्द?"

"शब्द. आता सूप पी, निवतंय."

थोड्याच दिवसांत टांटेला झटका आला आणि तिची वाचा गेली. जिने शेकडो मुलांना बोलून खिळवून ठेवलं, तिच्या तोंडून पाण्याचा शब्दही फुटेना. मार्लिस माझ्या चौकटीशी गुडघे टेकून प्रार्थना करायची. एक शब्द दे, देवा, एकच. तो आला नाही. टांटे मुकीच गेली. मार्लिसने मला चर्चच्या अडगळीत, नाताळच्या नाटकातल्या देवदूतांच्या पंखांमागे ठेवलं आणि दार लावून घेतलं. तिथे मी किती वर्षं काढली, मोजली नाहीत. उंदरांनी पंख खाल्ले, माझ्या वाटेला ते गेले नाहीत, एवढे उपकार.

मग एक दिवस दार उघडलं. मार्लिसच होती, केस पांढरे झालेली. बरोबर शहरातल्या प्रकाशनाच्या बाई.

"अय्या, हे तर सोनं आहे!" त्या बाई म्हणाल्या. "टांटेंच्या जन्मशताब्दीच्या दिवशी यावरच गोष्ट सांगा तुम्ही. नवी आवृत्ती, जुना फळा. लोक रडतील बघा."

"शेवटाचं काही बोलणार नाहीत ना लोक?" मार्लिसने हळूच विचारलं.

"अहो, शेवट फक्त उजळ केलाय आपण. मुलांना जिंकलेलं आवडतं. नाहीतर हे पुस्तक पुन्हा निघालंच नसतं."

उजळ म्हणजे काय ते मला कळलं नाही. मला वाटलं, रंगांचं बोलत असतील. मी आपला हरखलो. मार्लिसने माझ्या चौकटीला तेलपाणी केलं, लव ब्रशने उभी केली. टांटेच्या शंभराव्या वाढदिवसाला, चर्चच्या तळमजल्यावरच्या नव्या दालनात मला मधोमध उभं केलं. कॉफी होती, बांकेट होतं, गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बर्डीन. त्यांचे पाय म्हातारपणी पार थकले होते, जिभेला मात्र अजून तीच धार.

"ही आपली खरी टिल्डा बरं का, मुलांनो!" मार्लिसने ओळख करून दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गोष्ट सुरू झाली. जुनी टिल्डा माझ्या अंगावर आली, काळ्या दोऱ्याच्या पट्ट्यांसकट. काय सांगू, मला भरून आलं! टिल्डाने प्रार्थना केली. आता मुलं चढून येणार म्हणून मी वाट बघत होतो. मार्लिसने टिल्डाला काढलं आणि दुसरीच एक मुलगी लावली. गुळगुळीत, चकचकीत छापलेली, दोन्ही पाय सडसडीत. ती पळत होती. पळत जिना उतरून खाली वर्गात जात होती. कुणालाच चढावं लागलं नाही.

तिच्या पाठीला खरखरीत चिकटपट्टी होती. मित्रांनो, मला तिला टाकून द्यायचं होतं. पण कापडाला नाही म्हणता येत नाही. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

मुलांनी टाळ्या पिटल्या. वाईट वाटलं ते मोठ्यांचं. एकेकाळी ओल्या कोटांच्या खोलीत जी मुलं चढून आली, ती आता आजोबा-आजी होऊन तिथेच बसली होती. त्यांचं चढणं त्यांच्या देखत पुसलं गेलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली.

एक छोटी, चुणचुणीत मुलगी उठून बर्डीनच्या खुर्चीशी गेली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"आजी, टिल्डा पळायला लागली. तुम्ही का नाही?"

"माझा पाय काही बरा झाला नाही गं, बाळा."

"मग तुम्ही नीट प्रार्थना केली नव्हती का?"

बर्डीन मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "केली होती हं. अगदी नीट केली होती." मुलगी बांकेट घ्यायला पळाली.

मार्लिस खाली मान घालून चित्रं गोळा करायला माझ्याजवळ आली. बर्डीन खुर्ची ढकलत तिच्यामागे आल्या.

"मार्लिस, टांटे तुला काही सांगून गेली होती का?"

मार्लिसला खोटं बोलता आलं नाही. तिने होकारार्थी मान हलवली. "पुस्तक मेलं असतं, बर्डीन. आणि... एवढी प्रार्थना केली मी टांटेसाठी. मला वाटलं, कुठेतरी, कुणीतरी बरं व्हावं. निदान पुस्तकात तरी."

"अगं, मेलेल्या पुस्तकाला लोक निदान खोटं बोलायला लावत नाहीत. आता घरोघरी कुणी लंगडं पोर हे वाचेल आणि विचारेल, माझ्यात काय खोट होती? त्याला काय सांगायचं, ते तूच ठरव."

मार्लिस रडली. मी तिचं रडं खोटं म्हणणार नाही. पण पुस्तकं छापून झाली होती, गाड्या भरून गेल्या होत्या, आणि चूक झाली असं तिने कुणालाही सांगितलं नाही. मला तिची दया येते आणि तिचा रागही येतो, दोन्ही एकाच वेळी. टांटेने हाताने भरवलेली पोर होती ती.

आता मी काचेच्या कपाटात आहे. वर दिवा, खाली टांटेच्या नावाची पाटी, आणि माझ्या छातीवर ती पळणारी मुलगी. अडगळीतून निघालो, मान मिळाला. लोक म्हणतात, नशीब काढलं फळ्याने. हे कपाट चर्चच्या बाजूच्या दाराशी आहे. चाकांच्या खुर्चीला आत यायला तेवढंच दार. बर्डीन दर रविवारी येतात, एकही चुकवत नाहीत. माझ्यासमोरून खुर्ची जाते तेव्हा त्या तोंड फिरवून भिंतीकडे बघतात. त्यांच्या लहानपणापासूनची आमची ओळख, मित्रांनो, आणि आता त्यांना माझं तोंड बघवत नाही.

तुम्ही मोठे व्हाल. कुणी तरी जाताना आपली गोष्ट तुमच्या हाती देऊन जाईल. तिच्यावरची धूळ झटका, फाटलं असेल तिथे टाका घाला. पण जो भाग तुम्हाला सोसवत नाही, तो आधी जपा, कारण तो कुणाचा तरी असतो. आणि कधी आमच्या गावाकडे आलात, तर कुणाला तरी सांगून हे कपाट उघडा आणि ही मुलगी माझ्यावरून काढा. तिच्या जागी दुसरं काही लावू नका. बर्डीन येतील तेव्हा मी रिकामा असलेला बरा.