रविवारी तापणारं तळं

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ताई प्रोग्रॅमिंगच्या वर्गात शिरली, तेव्हा बाकावरची पोरं तिला बाई समजून उठून उभी राहिली. मग तीन महिने तिची कंसांशी झटापट. एक स्वल्पविराम राहिला की यंत्र नवऱ्यापेक्षा लवकर रुसायचं. कारण सांगायचं, पण कळेल असं नाही.

हा खटाटोप गाईड सरांच्या हट्टापायी. तळ्याच्या पाण्याचं रोजचं तापमान अकरा वर्षांच्या वह्यांत लिहिलेलं होतं, आणि ताईचा प्रबंध त्यावरच उभा होता. सरांना स्वतःला मेलला फाइल जोडता येत नसे, पण "आमच्याकडे आता सगळं संगणकावर" हे ते भेटेल त्याला सांगत. जूनच्या आत पदवी मिळाली तर ताई कॉलेजात कायम होणार होती. नाहीतर बारा वर्षं तासिकेवर शिकवून शेवटी घरी बसायचं.

तिच्या पहिल्याच प्रोग्रॅमने काय शोधावं? तळं रविवारी सरासरी दोन अंशांनी जास्त तापतं! सर हरखूनच गेले. सहलीला येणारी माणसं, त्यांचे पाण्यात सोडलेले पाय, गाड्यांचा धूर... आठवड्याभरात सिद्धांत तयार झाला, प्रबंधाचा गाभा बनला, परिषदेला रवानाही झाला. "नशीब काढलंत," सर ताईला म्हणाले.

वर्गाच्या शेवटच्या धड्यात आलेख होते. ताईने हौसेने एकेका दिवसाचा ठिपका मांडला. खाली सगळे ठिपके गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि पार वर सोळा ठिपके चिकटलेले. नव्व्याण्णव अंश! म्हणजे त्या-त्या दिवशी तळ्यात बटाटे उकडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने तळं गाठलं. नोंद ठेवणारे काका शांतपणे म्हणाले, "अहो, वर्षातून एक-दोन रविवार मी लेकीकडे जातो. रकाना रिकामा दिसला की ऑफिसातून बोलणी बसतात. म्हणून नव्व्याण्णव लिहितो. म्हणजे बघितलं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे हे."

सगळ्यांना म्हणजे काकांना आणि त्यांच्या लेकीला.

ताईने ते सोळा आकडे वगळले. रविवार मुकाट्याने बाकीच्या वारांत जाऊन बसला.

सरांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "हा काढायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"वर्गात शिकवलं, सर."

"अहो, वर्गात शिकवलेलं सगळं करायचं नसतं!" सर कळवळून म्हणाले. "प्रबंध द्यायला दहा दिवस उरलेत. आलेख नकोच, सरासरी पुरे. परीक्षक काय तळ्यात बोट घालून बघणार आहेत? जरा नोकरीचा विचार करा."

ताईने केला. जिन्यात बसून पोटभर रडली. मनातल्या मनात सरांना शिव्या घातल्या, काकांना घातल्या, आणि सगळ्यात जास्त स्वतःला, कारण आलेख काढायला तिला अजूनही आवडत होतं. मग तोंड धुऊन ती ऑफिसात गेली आणि मुदतवाढीचा अर्ज मागितला.

"म्हणजे यंदा पदवी नाही?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

विलंबाच्या कारणासाठी अर्जात एकच ओळ सोडलेली होती. ताईने लिहिलं, 'प्रोग्रॅमिंग शिकले.'