भिंतीवरचं हसू

“अरे देवा! झाकण काढायचंच राहिलं की!”

फोटोकाकांनी कपाळावर हात मारला. शाळेच्या ग्रंथालयात, निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर आखडून बसलेला सातवीत पहिला आलेला मुलगा फिस्सकन हसला. ते हसू मावळायच्या आत काकांनी कॅमेऱ्याचं झाकण काढून बटण दाबलंसुद्धा. त्यांची ही युक्ती शाळेइतकीच जुनी होती आणि अजून कधी फसली नव्हती.

दरवर्षी प्रत्येक वर्गातल्या पहिल्याचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागायचा. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी बजावून ठेवलं होतं, “काका, सगळे हसरे हवेत हं. परदेशातल्या शाळेचे पाहुणे येणार आहेत. त्यांना नुसते मार्क दाखवून भागत नाही, मुलं आनंदात आहेत का तेही बघतात ते.”

“नववी!” शिपायानं पुकारा केला.

नववीतली पहिली म्हणजे काकांची स्वतःची मुलगी. ती येऊन स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले, हनुवटी जरा वर केली. फोटोवाल्याची पोर, तिला सांगावं लागत नव्हतं.

“अरे देवा! झाकण...”

“बाबा, काढ ना झाकण. माझा तास बुडतोय.”

लहानपणी याच वाक्यावर ती पोट धरून जमिनीवर लोळायची. काकांनी मुकाट्यानं झाकण काढलं. भिंगातून पाहिलं. डावी भुवई जवळजवळ उरलीच नव्हती. वाचता वाचता ती एकेक केस उपटते, हे त्यांनी घरी पाहिलं होतं. पण इतकं झालंय हे घरच्या दिव्यात कळलं नव्हतं.

ते गप्प बसले होते असंही नाही. बायकोला सांगून पाहिलं होतं. “वय आहे ते,” ती म्हणाली, “आणि पहिली येतेय ना, मग कशाला उगीच खुसपट काढताय?” वर्गशिक्षकांकडे गेले, तर त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. “अहो, पहिल्या नंबराच्या मुलीला कसला आलाय त्रास! नशीबवान आहात.” नशीबवान माणसानं यावर काय बोलायचं? काका तेव्हा हसले होते, आणि त्या हसण्याची त्यांना अजून लाज वाटत होती.

“बाळा,” कॅमेरा खाली घेत ते हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी दुसरी ये. तिसरी ये. मला चालेल गं.”

ती घाबरून दाराकडे बघायला लागली. “असं नको ना बोलूस, बाबा. दुसरी आले तर सगळे विचारतील, काय झालं, काय झालं. पहिली आले की कोणी काही विचारत नाही.”

काकांनी कॅमेरा पुन्हा वर घेतला. त्यांनी फोटो काढला. तो बघून मुख्याध्यापिकाबाईंनी नाक मुरडलं. “काका, हिला जरा हसवा की कम्प्युटरवर. तुम्हाला काय, डाव्या हाताचा मळ!”

खरंच तसं होतं ते. दुकानात बसून त्यांनी जुने फोटो उघडले. सायकलवरून चिखलात पडली होती त्या दिवशीचा एक सापडला. चेहरा बरबटलेला आणि हसून तोंड कानापर्यंत फाकलेलं. तिथलं हसू उचलून त्यांनी आताच्या चेहऱ्यावर बसवलं, भुवई भरून काढली. काम इतकं बेमालूम झालं, की स्वतःच्याच हातांचा त्यांना राग आला.

पाहुणे आले त्या दिवशी भिंतीपुढे ही गर्दी. एक पाहुणीबाई नववीच्या फोटोपाशी थांबली आणि कौतुकानं काहीतरी बोलली. “सगळ्यांत आनंदी मुलगी हीच, असं म्हणताहेत त्या,” मुख्याध्यापिकाबाईंनी सर्वांना समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या.

गर्दी पुढे सरकल्यावर मुलगी काकांजवळ आली. फोटोतल्या ओठांवर तिनं बोट ठेवलं.

“हे चिखलातलं ना, बाबा?”

“हो.”

“तेव्हा मी कितवी आले होते रे?”

काकांनी आठवून पाहिलं. “लक्षात नाही गं.”

“मलापण नाही,” ती म्हणाली आणि तिचा हात आपसूक भुवईकडे गेला.

“चला, सगळे पायऱ्यांवर! पाहुण्यांबरोबर फोटो!” बाईंचा आवाज आला. मुलं रांगेत उभी राहिली. मुलगी मधोमध, त्या पाहुणीबाईच्या शेजारी. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर नुसता अंधार. त्यांनी डोळा चोळला आणि पुन्हा लावला. पुन्हा अंधार. आपल्या डोळ्यांचंच काहीतरी बिनसलं, असं वाटून त्यांनी दुसरा डोळा लावून पाहिला.

“झाकण! काका, झाकण!” मुलं ओरडली आणि एकच हशा पिकला. काकांची ती नेहमीची गंमत सगळ्यांना पाठ होती. पाहुणेही हसले, बाईही हसल्या.

मुलगी तेवढी हसली नाही. ती रांगेतून बाहेर पडली, पायऱ्या उतरून खाली आली, कॅमेऱ्याचं झाकण काढून तिनं बापाच्या हातात दिलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. “बरं वाटतंय ना, बाबा?” तिनं हळूच विचारलं.

“हो,” काका म्हणाले.

ती परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. काकांनी बटण दाबलं.