टाचणवहीतला शुक्रवारचा शेरा

मित्रांनो, मी एक जुनी टाचणवही. तुम्ही मला कधी उघडून पाहिलं नसेल, कारण मी मुलांची नव्हे, बाईंची वही. येत्या आठवड्यात कोणत्या तासाला काय शिकवायचं, ते शिक्षक माझ्यात आधी लिहून ठेवतात. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या बाजारातून शालनबाईंनी मला आणलं, तेव्हा माझं कव्हर करकरीत होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता.

हे १९८९ सालचं. बाई बदलापूरला कात्रपच्या शाळेत नववीला इतिहास आणि आठवीला इंग्रजी शिकवायच्या. नोकरी तात्पुरती. त्या वर्षीच्या तपासणीत निभावलं तर कायम, नाहीतर जूनपासून घरी. घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच होत्या. दर शनिवारी त्या माझ्यात पुढचा आठवडा मांडायच्या. मुख्याध्यापक हरिचंद्र सर सही करताना इतरांना माझी पानं दाखवायचे, की मी फुगून जायची.

पण त्या शाळेला एक खोड होती. ‘पाठ पूर्ण झाला’ हा शेरा खरं तर तास झाल्यावर लिहायचा असतो. तिथे मात्र सगळे तो टाचणासोबत आदल्या शनिवारीच लिहून मोकळे व्हायचे. बाईंनीही तेच उचललं.

आणि एका बुधवारी तपासणीचे साहेब न कळवता आले. बाईंनी मला शिक्षकखोलीत घाईघाईने उघडलं नि त्यांचा चेहराच उतरला. माझ्यात शुक्रवारचं इंग्रजीसुद्धा पूर्ण झालेलं! मंगळवारची फ्रेंच राज्यक्रांती तर पोरांच्या डोक्यावरून गेली होती, तिथेही ‘प्रतिसाद उत्तम’.

शेजारच्या श्यामकांत सरांनी हळूच ब्लेड पुढे केलं. “टेन्शन नका घेऊ बाई. पान कापा, नवीन चिकटवा. कोणाला कळतंय?”

ब्लेड माझ्या शिवणीला टेकलं. माझा जीव टांगणीला लागला. व्हरांड्यात साहेबांचे बूट वाजत होते. मग त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं, लाल पेनाने पुढचे सगळे शेरे खोडले आणि मंगळवारसमोर लिहिलं, ‘मुलांना समजला नाही. पुन्हा घेणार.’

साहेबांनी त्या पानावर बोट टेकवलं, लाल शाई अजून ओली होती.

“हे आत्ता लिहिलंत?”

“होय साहेब. शेरे आधी लिहिले, चूक माझीच आहे.”

“आज काय शिकवणार मग?”

“मंगळवारचाच पाठ.”

साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले. मंगळवारी बाईंनी सनावळीपासून सुरुवात केली होती, आज त्यांनी रेशनच्या रांगेपासून केली. पोरं आधी मागे वळून साहेबांकडेच बघत होती. मला घाम फुटायचा बाकी होता. एवढ्यात नेहमी मान खाली घालून बसणारी चिमी उठली. “बाई, पाव मिळेना म्हणून बाया थेट राजाकडे चालत गेल्या? मग पोलिसांनी अडवलं नाय?” त्यानंतर हात वर होतच राहिले.

साहेबांनी माझ्यात आधी ठपका लिहिला. तो मला झोंबला, पण तो खरा होता. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘मंगळवारचा पाठ बुधवारी पूर्ण झाला. कायम करण्याची शिफारस.’ बाई माझ्यावर डोकं टेकून रडल्या.

आता माझं कव्हर गेलंय, मी कपाटाच्या तळाशी पडून असते. मित्रांनो, वह्यांना कव्हरं जरूर घाला, पानं फाडू नका. पण जे समजलं नाही, ते समजलं असं कुठल्याच वहीत लिहू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुमचं खोटं आम्हाला जन्मभर सांभाळावं लागतं.