पंपात बसलेलं भूत

पेंगहू बेटाच्या धक्क्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कप्तान येनच्या बोटीत बुडालेला माणूस ठोकतोय, ही बातमी दोन दिवसांत बेटभर झाली होती. इंजीन सुरू केलं की खालून आवाज यायचा: ठण्, ठण्, ठण्.

"दादाऽ, थंडी वाजतेय रे!" भगत लुओ घुमायला लागला. आवाज कप्तानाच्या मेलेल्या भावाचा, आ-हायचा. "माझ्या बायकोनं मला खाल्लं. तिला बेटावरून हाकल, पोरीला तुझ्याकडे ठेव. तरच ठोकायचा थांबेन!"

कप्तान ढसाढसा रडला. भावाचं प्रेत त्यानंच पाण्यातून ओढून काढलं होतं. रडणाऱ्याला फसवायला अक्कल लागत नाही, निर्लज्जपणा पुरतो.

आ-हायची बायको सूचिन सात वर्षांच्या लेकीचं मनगट धरून उभी होती. पोरीला ताप आला तेव्हा लुओचं राखेचं पाणी तिनं सगळ्यांदेखत गटारात ओतलं आणि पोर डॉक्टरकडे नेली. लुओ ते विसरला नव्हता.

आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. मी इथल्या मत्स्यशाळेत इंजिनं शिकवतो. "सर, लुओचा चेला बोटीत ताईत चिकटवून गेला आणि त्याच संध्याकाळी ठोका सुरू झाला," ती म्हणाली. "आता लुओ सगळं माझ्यावर ढकलून मला हाकलायला लावेल. माझी पोर जाईल हो!"

ते इंजीन मुळात ट्रकचं, बदल करून बोटीत बसवलेलं. तपासणीच्या नावाखाली कप्तानाला विचारून मी डिझेलच्या नळीवर दाब मोजणारा एक चिमटा लावला, फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकासमोर एक सेन्सरचा डोळा बसवला आणि तार धक्क्यावरच्या लॅपटॉपला जोडली. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी डिझेल उडतं, ते पडद्यावर दिसत होतं. सत्तावीस. हवं होतं अठरा.

"पाठ फिरवा!" लुओ गरजला. "भूत समुद्रात जाताना जो बघेल, त्याला ते धरेल!"

रिवाजच आहे आमचा. सगळ्यांनी पाठ फिरवली, मीही फिरवली. चेला ताईत घेऊन खाली उतरला. माझ्यासमोर पडदा होता. सत्तावीस, चोवीस, वीस, अठरा. इंजीन चालूच होतं, पण ठोका थांबला.

"गेला!" गर्दी गुडघ्यांवर आली.

"कुठं गेला?" मी ओरडलो. "कप्तान, खाली चला!"

चेल्याच्या पँटच्या खिशात पाना सापडला. इंजिनात डिझेल उडवणाऱ्या पंपाचे तीन नट नुकतेच फिरवलेले, त्यांच्यावरचा रंग ताजा उडालेला. मी नट सैल करून पंप बोटभर फिरवला. ठण्, ठण्! उलटा फिरवला. शांत. पुन्हा फिरवला. "बघा, तुमचा भाऊ आला. बघा, गेला. किती वेळा बोलावू?"

डिझेल फार लवकर उडालं की एकदम पेट घेतं आणि इंजीन ठोकतं. एवढंच ते भूत.

"देवाच्या कामात यंत्र घालतोस?" लुओ फुत्कारला.

"यंत्रात देव तू घातलास, हरामखोरा!"

कप्तान धक्क्यावर आला. "सूचिन, चुकलं माझं. तू राहा."

"मी राहणारच होते, दादा," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं सगळं ऐकलंय. तिला सांगा, तिच्या आईनं तिच्या बापाला खाल्लं नाही. सगळ्यांसमोर सांगा."

कप्तान पोरीसमोर खाली बसला आणि त्यानं ते सांगितलं.

लुओचा मला राग आहेच; पण त्याहून जास्त राग त्या दोनशे पाठींचा आहे. त्यांतले निम्मे रोज इंजीन हाताळतात. बाबांनो, कोणी बघू नका म्हणालं, की आधी तिथंच बघा.