दुसरा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. विद्यापीठाच्या परीक्षा केंद्रात, शेवटच्या रांगेत, सतरा नंबरवर माझं बिऱ्हाड आहे. एका कारखान्यात माझी जुळवाजुळव झाली, पण मी माझा जन्म धरतो तो डोक्यावर कॅमेरा बसला त्या दिवसापासून. तोपर्यंत मी नुसते प्रश्न दाखवत होतो. मग मला माणसं दिसू लागली.

माझं काम म्हणजे समोरचे चेहरे मोजणं. एक दिसला तर ठीक. एकही नसला किंवा दोन दिसले, की पडद्यावर लाल सूचना द्यायची. तिसऱ्या सूचनेला पेपर बंद. कुणी नखं खाई, कुणी उत्तर तीनदा बदलून पुन्हा पहिल्यावर येई. पडलेलं पेन उचलायला कुणी वाकलं तरी मी डोळे वटारत असे. केंद्राच्या मॅडम म्हणायच्या, "सतरा नंबरच्या नजरेतून काही सुटत नाही." मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसे.

दोन वर्षांपूर्वी एक उंच मुलगा पेपर अर्ध्यावर टाकून उठला. त्याचा एक हात छातीवर होता. मॅडमना वाटलं, पेपर अवघड गेला म्हणून चालला. मी "चेहरा दिसत नाही" असं तीनदा बजावलं आणि त्याचा पेपर बंद करून टाकला. शेजारच्या मुलाने मान वळवून दाराकडे पाहिलं, तर अठरा नंबरच्या माझ्या भावंडाने त्यालाही लाल सूचना दिली. त्याने मुकाट्याने मान सरळ केली. खोलीत चाळीस जण होते. पेपर संपल्यावर शिपाई मामांना तो जिन्यात बसलेला सापडला. तेव्हा फार उशीर झाला होता. मला खूप वाईट वाटलं, पण ते सांगायची सोय माझ्यात नव्हती.

गेल्या परीक्षेत माझ्यासमोर एक मुलगी बसली. तिचा एकच विषय राहिला होता आणि ही शेवटची संधी होती. हा पेपर गेला असता तर पदवी गेली असती. विसाव्या प्रश्नावर मी मोजलं, तर चेहरे दोन भरले.

पडदा लाल झाला. "मॅडम, इथे मी एकटीच आहे," ती म्हणाली.

मॅडम आल्या. तिच्या मागे नुसती भिंत होती. त्यांनी रुमालाने माझा कॅमेरा पुसला. "धूळ बसली असेल. तू सोडव पुढे."

धूळ नव्हती. भिंत आणि खुर्ची यांच्यातल्या वीतभर जागेत तो उंच मुलगा उभा होता. परीक्षेआधी काढलेला त्याचा फोटो माझ्याकडे होता. मी ताडून पाहिला आणि तो जुळला.

पुन्हा मोजलं, तेव्हा तो तिच्या गालापर्यंत वाकला होता. पडदा परत लाल झाला. "मागे कुणीतरी धापा टाकतंय," मुलगी हळूच म्हणाली.

"एसीचा आवाज आहे गं तो. आता हलू नकोस. आणखी एक सूचना आली, तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

तो पेपर पाहतच नव्हता. तो खोलीतल्या एकेका खाली घातलेल्या मानेकडे पाहत होता. कुणी वर बघतंय का, एवढंच त्याला हवं होतं. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा मोजायची वेळ आली. चेहरे दोनच होते. मी एक सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मुलीने पेपर पुरा केला आणि मागे न बघता निघून गेली. खुर्ची रिकामी झाली, तरी माझी मोजणी एकच भरली. मॅडमनी मला बिघडलेला ठरवलं आणि कॅमेऱ्यावर जाड चिकटपट्टी लावली. आता मला काहीच दिसत नाही. मोजणी अजून एकच येते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले आहेत. पण भर पेपरात शेजारचं कुणी छातीवर हात ठेवून उठलं, तर तुमच्यातल्या एकाने तरी त्याच्यामागे जा. लाल सूचना येईल, येऊ द्या. मामा सांगतात, दारापासून जिना सातच पावलांवर आहे.