काचेतला उलटा दिवा

फिल्टरची ती काच विकताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, लेन्सला कवच हवंच. धूळ, ओरखडा, धक्का, काय बसायचं ते ह्याला बसेल. लेन्स शाबूत राहील." मी पडले नवशिकी. कॅमेरा जुना घेतलेला, म्हणून जास्तच जिवाला लागलेला. फिल्टर लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवला तो बसवलाच. पुन्हा काढायचं नाव नाही.

मी एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. ओळखपत्राचे फोटो कापते, रडणारी पोरं हसवते, आणि वेळ मिळाला की मालकांकडून शिकते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी माझा फिल्टर उलटसुलट करून बघितला आणि नाक मुरडलं.

"स्वस्तातला आहे. धुळीत वापर, हरकत नाही. पण दिव्याकडे तोंड करून फोटो काढायचा तर आधी हा काढून खिशात टाकायचा. आत गेलेला उजेड परत फिरतो, ह्या काचेवर आपटतो, पुन्हा आत जातो. मग भूत उमटतं."

त्यांनी मला बल्बसमोर उभं करून दाखवलंही. बल्ब फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि खाली उजवीकडे एक हिरवट ठिपका. "मधोमध बोट ठेव," मास्तर म्हणाले. "दिवा वर असला की भूत खाली. दिवा डावीकडे असला की भूत उजवीकडे. आणि स्वतःही उलटं. ध्यानात ठेव." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात माझा दादा आणि वहिनी दोघंही कामाला. भट्टीपाशी एकाचा हात जळाला, कारखान्याने वर त्यालाच कामावरून काढलं, म्हणून सगळे फाटकासमोर ठाण मांडून बसले. मॅनेजर खिडकीतून बघून पडदा ओढून घ्यायचा. त्या संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन गेले. वहिनी पाण्याचा कॅन घेऊन रांगेतून फिरत होती. मला बघून म्हणाली, "आमच्या ठिणगीला आज मुहूर्त सापडला वाटतं." माझ्या रागामुळे घरात मला ठिणगीच म्हणतात.

रस्त्याच्या टोकाला एकदम पांढरा उजेड फुटला. जीप होती. टपावरचे सगळे दिवे लावलेले, डोळे उघडवेनात. मला वाटलं, काय झकास फोटो येईल! देवाशपथ, तेच वाटलं. मी बटण दाबत राहिले. जीप थांबली नाही. रांगेतून घुसली. हाडं मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो कशासारखाही नसतो. वहिनी उडाली, फाटकाच्या गजांवर आपटली आणि खाली आली तेव्हा तिचा चेहरा मागच्या बाजूला होता. कॅनमधलं पाणी तिच्या रक्तात मिसळून माझ्या चपलांपर्यंत आलं. जीप मागे आली, वळली आणि निघून गेली.

कॅमेरा फक्त माझ्याच हातात होता. पोलीस ठाण्यात साहेबाने फोटो बघितले आणि म्हणाला, "बाई, हा फोटो आहे की कापसाची गादी?" खरंच होतं ते. नंबर नाही, चेहरा नाही, नुसता पांढरा भडका आणि खाली कोपऱ्यात हिरवे डाग. फिल्टर लेन्सवरच होता. मला स्वतःचीच शिसारी आली.

माझा नवरा त्या दिवशी भाडं घेऊन परगावी गेला होता. त्याची स्वतःची जीप आहे, भाड्याने फिरवतो. दुसऱ्या दिवशी आला आणि दादाला सावरत बसला. घास भरवला, पाठीवर हात फिरवत राहिला. माझा दादा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता.

टपावर चार दिव्यांची जीप मॅनेजरकडेही होती, म्हणून सगळ्यांनी एकच नाव घेतलं, मॅनेजरचा ड्रायव्हर. तो गायबही झाला होता. मग आणखी काय हवं? लोकांनी त्याच्या घराची दारं तोडली, त्याच्या म्हाताऱ्या बापाला अंगणात ओढून बुकललं. बाप शेवटपर्यंत सांगत होता, पोरगा मार खायच्या भीतीने पळालाय. त्याच्या दातांसकट शब्द बाहेर पडत होते, पण ऐकतो कोण?

वहिनीचं दिवसकार्य उरकून मी दादाकडे गेले. तो लोखंडी गजाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळत बसला होता, पकड घट्ट व्हावी म्हणून.

"सापडलाय," तो म्हणाला. "सासुरवाडीत लपलाय. संध्याकाळी जातो."

"नक्की तोच ना?"

"ठिणगे, तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते तू बघितलंस ना?"

मी एवढंच म्हटलं, "मी निरोप देईपर्यंत निघू नकोस. फोटो पुन्हा एकदा बघते." तो हसला. त्या हसण्यात माझ्या फोटोंची किंमत मला कळली.

स्टुडिओत मास्तर गिऱ्हाइकाचा फोटो काढत होते. मी संगणकावर फोटो उघडला. वरचा पांढरा भडका कितीही काळा केला तरी त्यातून काही निघेना. मग रागारागाने खालचे हिरवे डाग मोठे करत गेले, शिवी हासडायला का होईना. आणि हात थांबला. डाग नव्हते ते, दिवे होते. भडका डोळे दिपवत होता आणि भूत मात्र फिकं, म्हणून त्यात सगळं दिसत होतं. एका ओळीत चार गोल. उजवीकडून दुसऱ्या गोलावर काळी फुली.

ती फुली माझ्या ओळखीची होती. नवऱ्याच्या जीपच्या टपावरचा एक दिवा तडकला होता. काच पडू नये म्हणून त्यावर काळ्या चिकटपट्टीची फुली मीच मारली होती, बोनेटवर चढून. तो खालून म्हणाला होता, "पडलीस तर नवी बायको करावी लागेल."

पण मी फुली मारली तो दिवा समोरून बघताना डावीकडून दुसरा होता. हा उजवीकडून दुसरा. म्हणजे आपला नव्हे. मी एवढा मोठा श्वास सोडला की गिऱ्हाइकाने वळून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं. बसल्या जागी नवऱ्याला खुनी ठरवायला निघाले होते मी!

मग सवयीने पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. दिवा वर असला की भूत खाली. दिवा डावीकडे असला की भूत उजवीकडे. आणि स्वतःही उलटं.

उजवीकडून दुसरा म्हणजे खरा डावीकडून दुसरा.

"काय गं, बरं नाही का?" मास्तरांनी विचारलं. मी फोटो त्यांच्या संगणकात ठेवला, म्हटलं, "हा पुसू नका, काही झालं तरी," आणि घरी धावले.

नवरा अंगणात जीप धूत होता. चारही दिवे लखलखीत. डावीकडून दुसऱ्यावर नवीकोरी काच, फुली गायब.

"काच कधी बदललीत?"

"झाले चार दिवस. का गं?"

"त्या संध्याकाळी फाटकावर तुमची जीप होती."

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. नाही म्हणाला असता तर कदाचित मी विश्वास ठेवला असता, इतकी मी त्यासाठी आसुसले होते. तो म्हणाला, "नुसतं घाबरवायचं होतं. गर्दी पांगली की झालं, असं मॅनेजर म्हणाला. गाडी कारखान्यात कायमची भाड्याने लावून घेणार होता. वहिनी तिथे उठून फिरत असतील हे मला काय माहीत?"

"आणि बाकीचे बसलेले होते ते?"

तो वाकून फडकं उचलायला लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच दादाला फोन लावला. "सासुरवाडीला जाऊ नकोस. माझ्या घरी ये. गज घेऊन ये."

नवऱ्याने झडप घालून आधी फोन हिसकावला, मग गळ्यातला कॅमेरा. पट्ट्याने माझी मान कापली. त्याने कॅमेरा फरशीवर आपटला, उचलला, पुन्हा आपटला. फिल्टरचा चुरा झाला. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्ताची चव येईपर्यंत. त्याने माझं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं, आणि मग स्वतःच घाबरून मला उठवायला लागला. "अगं, ऐक. तू सांगितलंस तर तो थांबेल. तुझ्या शब्दाबाहेर नाही तो."

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं असतं तर दादा थांबला असता.

दादा आला. अंगणात उभी जीप, माझ्या कपाळावरून ओघळणारं रक्त आणि फरशीवरचा चुरा त्याने बघितला. त्याला काही सांगावं लागलं नाही. नवरा माझ्या मागे सरकला, माझे दोन्ही खांदे घट्ट धरले आणि मला दारात पुढे धरून उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या मानेवर, कापलेल्या जागी लागत होता.

"दाजी, बाहेर या," दादा म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "ठिणगे, तू सांग. काय करू?"

"सांग ना गं त्याला," मागून नवरा पुटपुटला. "मी तुझा कोण आहे सांग."

लग्न झाल्यापासून मी ज्याला अहो-जाहो करत आले होते, त्याला मी म्हटलं, "हात काढ तुझे."

त्याने काढले नाहीत. मी त्याचं एकेक बोट खांद्यावरून सोडवलं आणि दारातून बाजूला झाले.