पहिल्या ओळीचा मान

"पहिली ओळ कोरी राहिली नाही, ठेवली," व्हर्ली गॅडिस म्हणाली. ओडेल प्रूइटच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याच्या मक्याच्या पावाशेजारी, तिने काम परदेशात गेल्याने बेकार झालेल्यांच्या मदतीचा, एक सही कमी म्हणून सरकारकडून परत आलेला अर्ज पसरला. "तीन सह्या लागतात. दुसऱ्या ओळीवर मोझेलबाईंची, तिसरीवर माझी. पहिल्या ओळीवर तुमच्याआधी कोण बसणार, काका?"

ओडेलने अर्जाकडे न बघता पाव मोडला.

त्या चादरींच्या मिलमध्ये सगळं नोकरीच्या वर्षांवर चालायचं. रजा, बरा माग, नाताळातलं हॅम, इतकंच काय, कॉफीच्या यंत्रापुढची रांगसुद्धा. माग दुरुस्त करणारा जॉबर ओडेल, त्रेचाळीस वर्षं नोकरी झालेला, सगळ्यांच्या पुढे. राजधानीतल्या कचेरीतली बाई फोनवर व्हर्लीला म्हणाली होती, अहो, उरलेली सही मिलमधल्या कुणाचीही चालेल. तिचं काय जातंय बोलायला. व्हर्लीने सोळा दारं वाजवली आणि सोळा दारांतून एकच प्रश्न आला: ओडेलने केली का?

मिलला कुलूप लागून शुक्रवारी वर्ष होत होतं. त्यानंतर अर्ज घेत नाहीत. आज बुधवार होता.

ओडेलचं म्हणणं साधं होतं. पंच्याहत्तर साली मिल बंद पडली, ब्याऐंशीत पडली. दोन्ही वेळा परत बोलावणं आलं आणि पहिला फोन त्याला आला. आता सही करायची म्हणजे काम परदेशात गेलं ते गेलंच, असं आपल्या हाताने लिहून द्यायचं. शिवाय माग बोटीवर चढले तेव्हा समुद्राची हवा लागू नये म्हणून ग्रीस त्यानेच चोपडलं होतं. पलीकडच्यांना ते झेपणार नाहीत, एक्केचाळीस नंबर तर नाहीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक्केचाळीसची गोष्ट मी ऐकली तशी सांगतो, पाव मैल कमी करून. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पाऊण मैलावरच्या मिलमध्ये तो माग लंगडायला लागलेला ओडेलला ऐकू आला. तो उठला, गेला, नट आवळून परत आला. आणि पाद्रीबुवा तोवर "आमेन" तोंडात धरून थांबले होते. पाद्रीबुवा वारले, नाहीतर विचारून खात्री करता आली असती.

"माझ्या दोन मुली आहेत, काका," व्हर्ली म्हणाली. "कोंबड्यांच्या कारखान्यात उभी राहून राहून माझे हात बघा कसे झालेत. हा अर्ज मंजूर झाला तर दोन वर्षं नर्सिंगची फी सरकार भरेल, घरखर्चालाही देईल. मला कुणाची तरी नाडी बघायचीय. अजून कुणी माझ्या हातात माणूस दिला नाही, नुसत्या कोंबड्याच."

ओडेल हसला नाही. बाहेर गाडीत बसलेल्या मोझेलबाईंनी भोंगा वाजवला. त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या चालत नव्हत्या, पण त्यांना वाट बघणंही चालत नव्हतं.

मग व्हर्लीने पिशवीतून एक चादर काढली. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून आणलेली, अर्जाला पुरावा म्हणून जोडायची. कोपऱ्यात शिवलेल्या पट्टीवर आपल्याच मिलचं नाव, आणि त्याखाली भलत्याच देशाचं.

ओडेलने हात पुसले, चष्मा काढून ठेवला. कापड बघायला त्याला डोळे लागत नसत. चादरीची डावी किनार अंगठा आणि तर्जनीत धरून तो सरकवत गेला आणि वीतभर पुढे जाऊन थांबला.

"ही एक्केचाळीसवरची आहे."

तिने विचारलं, कशावरून. एकाहत्तर साली त्याने त्या मागाची एक लोखंडी पट्टी स्वतः कानशीने घासून बसवली होती. तेव्हापासून त्याची डावी किनार केसभर ताठ यायची. इतर कुठल्याच मागाची तशी येत नसे. पण उजवीकडे वीत-वीत अंतरावर एक पुसट रेघ उमटायची. ती कुणालाच दिसत नसे, तपासनिसालाही नाही. ओडेल मात्र तीस वर्षं तिच्याशी झगडला होता. एकदा तर हनीमूनहून लवकर परतला होता, असं मोझेलबाई सांगतात.

आता तो उजवी किनार चाचपू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा, उलटीकडून. शेगडीवर घेवडा खाली लागल्याचा वास आला. व्हर्लीने उठून गॅस बंद केला. त्याला कळलंही नाही.

"नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"रेघ. घालवली कुणीतरी." त्याने चादर मांडीवर ओढून घेतली. "चांगला जॉबर मिळालाय एक्केचाळीसला तिकडे."

मग त्याने पेन मागितलं. पहिल्या ओळीवर, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं काढून, त्याने नाव लिहिलं. व्हर्लीने अर्ज घडी करून पिशवीत टाकला. चादर मात्र त्याच्या हातून लवकर सुटेना. किनारीला किनार लावून त्याने घडी घातली, एकदा विस्कटून पुन्हा घातली.

"पोरी, त्या माणसाचं नाव कुठं लिहिलेलं असतं का गं?"

तिने चादरीवरची पट्टी उलटून बघितली. कोमट पाण्यात धुवावी, एवढंच होतं.

गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ओडेल ओसरीवर उभा होता. मोझेलबाईंनी हात केला. त्याने केला नाही. त्याचा उजवा हात बाजूला लोंबत होता आणि अंगठा तर्जनीवरून हळूहळू फिरत होता. मध्ये कापड नव्हतं.